थर्मास, थर्मॉस की फ्लास्क?

प्रश्न असा आलाय की थर्मास बरोबर की थर्मॉस, त्याला अस्सल मराठी शब्द आहे का, आणि आत थंड सरबत भरलं असेल तर त्याला 'थर्मास' म्हणणं चुकीचं नाही का, कारण थर्म म्हणजे उष्णता ना.

शेवटच्यापासून सुरू करतो कारण खरी मजा तिथेच आहे. ही वस्तू मुळात गरम ठेवायला बनवलेलीच नव्हती! जेम्स ड्यूअर नावाचे स्कॉटिश शास्त्रज्ञ लंडनमधे वायूंचे द्रव करण्याच्या मागे लागले होते, आता द्रव ऑक्सिजन उकळतो उणे 183 अंश सेल्सियसला, म्हणजे साध्या भांड्यात ओतला की भुर्रकन उडून जाणार, म्हणून त्यांनी 1892 मधे दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं केलं आणि मधली हवा काढून टाकली. पुढे भिंतींना आरशासारखा चांदीचा मुलामाही आला. प्रयोगशाळेत अजूनही त्याला ड्यूअर फ्लास्कच म्हणतात. त्यांनी पेटंट काही घेतलं नाही, आणि मग जर्मनीतल्या राइनहोल्ड बर्गर या काचकारागिराने बाहेरून धातूचं कवच वगैरे चढवून ती घरात वापरता येईल अशी केली, 1904 पासून 'थेर्मोस' या नावाने ती विकायला लागली. ग्रीकमधे थेर्मोस म्हणजे गरम. म्हणजे वस्तू जन्मली थंडासाठी आणि बारसं झालं गरमाच्या नावाने, तेव्हा सरबत भरून थर्मास म्हणायला काहीच हरकत नाही.

आता या थेर्मोसचं गोत्र बघा. ग्रीक थेर्मोस आणि संस्कृत घर्म हे एकाच मूळ धातूवरून आलेले आहेत, तिकडे त्या आद्य ध्वनीचा थ झाला, इकडे घ राहिला. घर्म म्हणजे उष्णता, ऊन, आणि मग घाम. आपला 'घाम' या घर्माचाच, प्राकृतातल्या घम्म वरून आलेला, घर्मबिंदू तर अजून जसाच्या तसा आहे. आणि फारसीतून आपल्याकडे आलेला 'गरम' सुद्धा याच कुळातला. थोडक्यात घाम, गरम, थर्मास, थर्मामीटर सगळी चुलत भावंडं, फक्त वेगवेगळ्या वाटांनी आपल्या घरी आलीत. त्यामुळे थर्मास परका म्हणून हाकलायचा असेल तर गरमलाही दार दाखवावं लागेल :)

उच्चाराचं म्हणाल तर मराठीत थर्मास. इंग्रजीतला ऑ आपण पूर्वी सरसकट आ करून टाकायचो, डाक्टर, आफिस वगैरे. यातल्या बऱ्याच शब्दांवर नंतर अर्धचंद्र परत चढला पण थर्मासवर काही तो नीट बसला नाही, बोलताना बहुतेक जण आ च करतात. थर्मॉस लिहिलंत तर चूक नाही, मला मात्र ते जरा इस्त्री केल्यासारखं वाटतं.

'पण ते तर कंपनीचं नाव आहे' हा आक्षेपही नेहमी येतो. अमेरिकेत यावर चक्क कोर्टकचेरी झालीय, 1963 मधे तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की थर्मॉस हा आता लोकांच्या बोलण्यातला सामान्य शब्द झालाय, प्रतिस्पर्ध्यालाही तो वापरता येईल (काही अटी घातल्या होत्या, पहिलं अक्षर मोठं करायचं नाही वगैरे). आपण झेरॉक्स आणि डालडाचं हेच केलं, कोर्टाला न विचारता.

मराठी प्रतिशब्द? 'शीतोष्णपात्र' असं काहीतरी सुचवलं जातं, ते वाचून मला थेट भूगोलातला समशीतोष्ण कटिबंध आठवतो. 'निर्वात चंबू' वर्णन म्हणून ठीक, पण पिकनिकला कोण म्हणणार निर्वात चंबू घेतलास का? त्यातल्या त्यात 'उष्णतारोधक बाटली' अर्थाने एकदम चोख आहे, कारण भांडं ना गरम करतं ना गार, ते फक्त उष्णतेला अडवतं, आतली बाहेर जाऊ देत नाही नि बाहेरची आत येऊ देत नाही. मधे हवाच नाही म्हणून वहन (स्पर्शातून उष्णता जाणं) आणि अभिसरण (हवेच्या हालचालीतून जाणं) जवळपास बंद, आणि चकाकत्या भिंती प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपातली उष्णता, परतवतात. जी काही गळती होते ती मुख्यतः तोंडाशी आणि झाकणातून. लेखात किंवा पाठ्यपुस्तकात हा शब्द जरूर वापरा, बोलताना नको.

फ्लास्क आणि थर्मास यात काटेकोर फरक कुणी करत नाही. तरी माझ्या कानाला आत काच असलेला, झाकणाचाच कप होणारा तो थर्मास, आणि हल्लीची स्टीलची उभी सडपातळ ती फ्लास्क किंवा नुसती बाटली. हो, 'ती' फ्लास्क, बाटलीच्या नादाने बरेच जण स्त्रीलिंगी करतात, 'तो' ही चालतो. थर्मास मात्र पुल्लिंगीच, अनेकवचनात बदलत नाही: एक थर्मास, दोन थर्मास.