कळ, ठणका, आग: हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

खानापूरहून एका वाचकांनी विचारलंय. आईच्या बोटाला नखुरडं झालं होतं. "ठणकालंय बघ, रात्रभर डोळ्याला डोळा नाही," असं ती सांगत होती. बेळगावातले डॉक्टर कन्नड बोलणारे, तेव्हा या वाचकांनी 'नोवु' (दुखणं) एवढंच सांगितलं. कळ, ठणका, आग या सगळ्याचा अर्थ शेवटी 'दुखणं' असाच ना, असं ते विचारतात.

तसं नाही. कळ उठते, मस्तकात जाते आणि ओसरते. म्हणून बाळंतिणीला 'कळा' येतात, ठणके येत नाहीत. ठणका मुक्कामाला येतो. 'ठण' या आवाजावरून आलेल्या या शब्दात ठोका आहे, आणि गळू, दाढ, नखुरडं यांनाच तो शोभतो.

शरीरातही हे वेगवेगळंच घडतं. उंबऱ्याला करंगळी आपटली की आधी लख्ख कळ येते. ती वेष्टण असलेल्या बारीक मज्जातंतूंतून सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगाने धावते. मागून येणारं, पसरणारं दुखणं वेष्टण नसलेल्या तंतूंतून येतं, सेकंदाला जेमतेम 1-2 मीटरने. पायापासून पाठीच्या कण्यापर्यंतच्या वाटेत एवढा फरक आपल्याला चक्क जाणवतो.

ठणक्यामागे सूज असते. सुजलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं तयार होतात आणि तिथले तंतू इतके हळवे होतात की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. तो ठोका नाडीचाच असेल असं आपण धरून चालतो, पण दातदुखीच्या रुग्णांवर मोजून पाहिलं तेव्हा दोन्हींची लय जुळली नाही. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

'आग होणे' तर अक्षरशः खरं आहे. संकेश्वरी मिरच्यांची देठं खुडल्यावर हात भगभगतात, तेव्हा त्वचा भाजलेली नसते. पण साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेने जो ग्राहक (मज्जातंतूच्या टोकावरचं, उष्णता ओळखणारं प्रथिन) उघडतो, तोच मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडतो, आणि मेंदूला भाजल्याचाच निरोप जातो. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. (हात नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही, आधी तेल चोळावं, कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.) आपल्या भागात या आगीला कन्नडमध्ये 'उरि' म्हणतात. 'नोवु'पेक्षा वेगळा शब्द तिथेही आहेच.

याचा उपयोग केवळ भाषेपुरता नाही. रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 मध्ये वेदना नोंदवण्याची प्रश्नावली केली ती शब्दांवरच: 78 शब्द, 20 गट. मधुमेह्याच्या तळपायाला जखम नसताना आग होते, मुंग्या येतात, तेव्हा मज्जातंतूच बिघडलेले असू शकतात, आणि तिथे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. हृदयविकारात पुष्कळांना कळ येतच नाही, छातीवर दाब येतो, आवळल्यासारखं होतं. 'छातीत दुखत नाही' असं सांगून माणसं घरी थांबतात ती यामुळेच.

तेव्हा आईचा 'ठणका' कन्नडमध्ये सांगताना 'नोवु'वर थांबू नका. ठोके पडतात का, रात्री वाढतं का, हात लावू देते का, बोट गरम लागतं का, हे साध्या वाक्यांत सांगा. आणि ती समोर असेल तर आधी तिलाच बोलू द्या. बेळगावात मराठी समजणारी सिस्टर बहुतेक दवाखान्यांत भेटतेच.