फुटबॉल वर्ल्ड कप चालू असताना यजमान शहरात एक दिवस नेमका कसा जातो?

तुम्ही असंही विचारलंय की एकाच सामन्याचं तिकीट हातात असेल तर तेवढ्यासाठी जाणं परवडतं का. मला विचाराल तर परवडतं, कारण सामना दोन तासांचा असतो आणि दिवस चांगला अठरा तासांचा. मी कतारला २०२२ च्या वर्ल्ड कपला गेलो होतो. तिथला २२ नोव्हेंबरचा मंगळवार सांगतो, म्हणजे अंदाज येईल.

त्या दिवशी चार सामने होते: दुपारी एक, चार, संध्याकाळी सात आणि रात्री दहा. आठही स्टेडियम दोहा आणि आसपास असल्यामुळे एका दिवसात दोन सामने बघता यायचे. सलग दोन मात्र जमायचे नाहीत, एक सोडून पुढचा धरायचा. माझ्याकडे एकची अर्जेंटिना-सौदी अरेबिया आणि सातची मेक्सिको-पोलंड अशी तिकिटं होती.

सकाळी मेट्रोत शिरलो तर डबा अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सींनी भरलेला. त्यातले निम्मे केरळचे! दोह्यात मल्याळी लोक भरपूर, आणि मेस्सीवर त्यांचा जीव. हय्या कार्ड, म्हणजे प्रेक्षकांचं फोनवरचं ओळखपत्र, असलं की मेट्रो फुकट होती. परदेशातून येणाऱ्यांना हेच कार्ड व्हिसासारखं चालायचं आणि स्टेडियमच्या फाटकावरही तेच लागायचं, त्यामुळे फोनची बॅटरी हा सगळ्यांच्याच काळजीचा विषय. पॉवर बँक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

लुसैलला, म्हणजे पहिल्या सामन्याच्या स्टेडियमजवळ, उतरल्यावर बरंच चालावं लागतं. नोव्हेंबर असला तरी दुपारचं ऊन चांगलंच लागत होतं. आत गेलो की वातानुकूलनाचा गारवा. मेस्सीने दहाव्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला आणि आजूबाजूचे लोक किती गोलने जिंकणार यावर बोलायला लागले. त्यानंतर ऑफसाइडमुळे अर्जेंटिनाचे तीन गोल रद्द झाले, तरी कोणाला फारशी चिंता नव्हती. मध्यंतरानंतर सौदीचे दोन गोल: ४८ व्या मिनिटाला अल-शेहरी आणि ५३ व्या मिनिटाला अल-दवसारी. दुसऱ्या गोलनंतर माझ्यापुढे बसलेल्या हिरव्या शर्टातल्या काकांनी डोक्यावरची इगाल (रुमालावर बसवायचं काळं दोरीचं कडं) काढून हवेत फिरवली, शेजारच्या अनोळखी माणसाला कडकडून मिठी मारली आणि मग शांतपणे इगाल पुन्हा नीट बसवली. ३६ सामने न हरलेला संघ २-१ ने हरला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सौदीचे कितीतरी प्रेक्षक गाडीने सीमा ओलांडून आले होते. हीच सीमा २०१७ पासून जानेवारी २०२१ पर्यंत बंद होती, कारण सौदीने कतारवर बहिष्कार टाकला होता. आणि त्या दुपारी कतारचे अमीर, म्हणजे तिथले राज्यकर्ते, स्टेडियममध्ये सौदीचा झेंडा खांद्यावर घेऊन होते. हे टीव्हीवरही दिसलं असेल, पण परतीच्या रांगेत कतारी आणि सौदी पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून नाचताना बघितली की त्याचं वजन कळतं.

परतीची रांग हा या दिवसाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग. अडथळे लावून लोकांना नागमोडी फिरवतात, म्हणजे स्टेशनवर एकदम लोंढा जात नाही. स्टेशन समोर दिसतंय, पण पोहोचायला पाऊण तास. उंच खुर्चीवर बसून, हातात फोमचं मोठं बोट घेऊन 'मेट्रो? धिस वे!' असं तालात ओरडणारे स्वयंसेवक आणि कामगार होते म्हणून ती रांग सुसह्य झाली. पुढे पुढे तर अख्खी गर्दीच त्यांच्या सुरात सूर मिसळायची. एक सांगतो, ही स्पर्धा आफ्रिका आणि दक्षिण आशियातून आलेल्या माणसांनी उभी केली आणि चालवली. त्यांच्या हालअपेष्टांबद्दल जे लिहून आलं होतं ते वाचूनच मी गेलो होतो, आणि चकचकीत स्टेशनवर उभं असताना ते डोक्यातून जात नव्हतं.

चार वाजताचा डेन्मार्क-ट्युनिशिया मी सोडलाच होता (०-०, काही गमावलं नाही). मशैरेब स्टेशनला मेट्रोची गोल्ड लाइन पकडून सूक वाकिफ या जुन्या बाजारात गेलो. माझ्या मते अख्ख्या दिवसातला सगळ्यात भारी वेळ हाच. करक चहाचा (दुधाचा कडक चहा) कागदी कप हातात, आणि गल्लीगल्लीतून सौदी टोळकी 'मेस्सी वेन? मेस्सी वेन?' म्हणजे मेस्सी कुठंय असं विचारत फिरतायत. एकाने एका अर्जेंटिनाच्या बाईंना अगदी गंभीर चेहऱ्याने तेच विचारलं. तिने खांदे उडवले आणि त्याच्याबरोबर फोटो काढला. त्यातच मोठ्या टोप्या घातलेले मेक्सिकन आले, त्यांचा सामना अजून व्हायचा होता म्हणून त्यांचा उत्साह ताजा.

संध्याकाळी स्टेडियम ९७४. जहाजाच्या ९७४ कंटेनरचं बांधलेलं, आणि कतारचा टेलिफोन कोडही ९७४. स्वच्छतागृहंसुद्धा कंटेनरमध्येच. इथे वातानुकूलन नव्हतं, पण समुद्राचा वारा होता. सामना ०-० सुटला, तरी दुसऱ्या सत्रात पोलंडच्या लेवांडोव्स्कीची पेनल्टी मेक्सिकोचा गोलकीपर ओचोआने अडवली तेव्हा जो आवाज झाला, तसा मी लुसैललाही ऐकला नव्हता. फ्रान्स-ऑस्ट्रेलिया मग खोलीवर जाऊन अर्ध्या झोपेत बघितला.

आता तुमच्या कामाचं. २०२६ च्या स्पर्धेसाठी विचारत असाल तर असा दिवस तिथे मिळणार नाही. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको असे तीन देश, १६ शहरं, एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला बहुतेकदा विमान. तेव्हा एकच शहर धरा, एका सामन्याचं तिकीट काढा आणि बाकीचे सामने चौकातल्या मोठ्या पडद्यावर बघा. सामना संपल्यावरचे चार-पाच तास रिकामे ठेवा, लगेचची फ्लाइट घेऊ नका. आणि तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे. कतारमध्ये हय्या कार्डाने ते काम झालं होतं, अमेरिकेत होत नाही. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोसाठी वेगळा लागत नाही, कॅनडाचा मात्र स्वतंत्र काढावा लागतो.