वाचकांचे प्रश्न : जिनिंगची वाट आणि न संपणारी क्वेरी

प्रश्न : आमच्या शेतकरी गटातल्या ६० गावांचा कापूस त्यातल्याच एका गावातल्या जिनिंगला जातो. गावागावांमधले १४० रस्ते पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका टेबलात भरले आहेत : कुठून, कुठे, किमी. प्रत्येक गावाहून जवळची वाट काढायला ‘विथ रिकर्सिव्ह’ (स्वतःच्याच निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी) क्वेरी लिहिली, पण ती संपतच नाही. ‘युनियन ऑल’ काढून ‘युनियन’ घातलं, तरी तेच.
– एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : क्वेरी त्याच त्या गावांमध्ये येरझारा घालते आहे. ‘युनियन’ फक्त हुबेहूब सारख्या ओळी गाळतं. इथे दर फेरीला किमी वाढतात, म्हणून तेच गाव त्याला नवं वाटतं.

यावर नेहमी सांगितला जाणारा उपाय म्हणजे वाटेतली गावं एका रकान्यात जोडत जायची आणि येऊन गेलेलं गाव पुन्हा घ्यायचं नाही. गावाच्या क्रमांकाला दोन्हीकडून स्वल्पविराम द्या, नाहीतर ११ मध्ये १ सापडतो आणि चांगली वाट गळून जाते. याने क्वेरी कधीतरी थांबेल, पण ती शक्य असलेली प्रत्येक वाट चालून बघते. ओळीने २० ठिकाणी रस्त्याला दोन फाटे फुटून पुढे पुन्हा मिळत असतील, तर वाटा होतात १०,४८,५७६. मधेच ‘मिन’ (सगळ्यात लहान आकडा काढणारं फंक्शन) लावून लांबच्या वाटा छाटाव्यात, तर पोस्टग्रेस रिकर्सिव्ह भागात ते चालू देत नाही.

म्हणून रिकर्शन सोडा. ‘अंतर’ नावाचं वेगळं टेबल करा : गाव, किमी, मागचं गाव, मागचा रस्ता. जिनिंगसमोर ०, बाकी ५९ गावांसमोर ९९९९९९, म्हणजे ‘अजून वाट सापडलेली नाही’. तिथे ‘नल’ (रिकामी जागा) ठेवू नका. ‘नल’शी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही आणि एकही ओळ बदलणार नाही. रस्ता एकदाच नोंदवला असेल तर उलट दिशेची ओळही घाला. मग एक फेरी अशी : प्रत्येक गावासाठी शेजारच्या गावाचं अंतर अधिक मधला रस्ता, यातली सगळ्यात लहान बेरीज काढायची; ती आधीच्या आकड्यापेक्षा कमी असेल तरच अपडेट. लहान बेरीज आधी सबक्वेरीतच (आतल्या क्वेरीत) निवडा. थेट ‘अपडेट फ्रॉम’मध्ये जोडलंत, तर जुळणाऱ्या अनेक ओळींपैकी पोस्टग्रेस कुठलीही एक उचलतं.

शून्य ओळी बदलल्या की काम झालं. जिनिंग धरून ६० ठिकाणं, म्हणजे जास्तीत जास्त ५९ फेऱ्या. सहसा त्याच्या बऱ्याच आधी थांबतं. साठाव्या फेरीतही आकडा कमी झाला, तर कुठेतरी किमी उणे भरलं गेलं आहे. ही बेलमन-फोर्ड रीत. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांची १९५९ ची रीत कागदावर जास्त वेगवान, पण ती एकेक गाव निवडत पुढे जाते. डेटाबेसला सगळ्या ओळी एकदम हाताळणं सोपं जातं, म्हणून इथे हीच सोयीची.

वाट वाचायची ती गावाकडून ‘मागचं गाव’ धरत जिनिंगपर्यंत. दोन गावांमध्ये डांबरी रस्ताही असतो आणि पांदणही, म्हणून ‘मागचा रस्ता’ हा रकाना गाळू नका.

प्रश्न : पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेलं की काही रस्ते बंद होतात. त्या ओळी डिलीट कराव्यात का?
– तेच वाचक

उत्तर : नाही. रस्त्यांच्या टेबलात ‘चालू’ असा हो-नाही रकाना ठेवा आणि फेरीत फक्त चालू रस्ते घ्या. रस्ता बंद केल्यावर ‘अंतर’ टेबल पुन्हा ० आणि ९९९९९९ करून पहिल्यापासून चालवा. या रीतीत आकडा फक्त कमी होतो, वाढत नाही. जुन्याच टेबलावर फेऱ्या मारल्या तर पाण्याखालच्या रपट्यावरूनच वाट दाखवत राहील. शेवटी ज्या गावासमोर ९९९९९९ उरेल, तिथे ‘सध्या वाट नाही’ असं छापा.

आणि किमीऐवजी मिनिटं भराच. चिखलातली चार किमी पांदण भरलेल्या ट्रॅक्टरला नऊ किमी डांबरीपेक्षा महाग पडते. क्वेरीत बदल काहीच नाही, फक्त रकान्याचं नाव.