खून बाराच्या आत उरका

प्रश्न : निवृत्तीनंतर रहस्यकादंबरी लिहायला घेतली आहे. नायिका सत्तरीतली, खुब्याचं हाड मोडल्याने घरात अडकलेली. घर गोव्यातल्या दिवाडी बेटावर, महिना डिसेंबर. इंग्रजी कादंबऱ्यांत बर्फ पडतो, रस्ते बंद होतात आणि आत दहा माणसं नि एक प्रेत उरतं. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढलेली चादर. त्यात बाई उंबरा ओलांडणार नाही, मग गुन्हा उलगडणार कशी?
– निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर : बाई, बर्फाचा नाद सोडा. दिवाडी निवडलीत तिथेच निम्मं काम झालं. बेटावर फेरीबोटीने जायचं, आणि रात्रीची शेवटची बोट सुटली की जो आत तो आत.

थंडीचा उपयोग वेगळाच आहे. पावसाळ्यात कौलांवरच्या माऱ्यात शेजारचं भांडण ऐकू येत नाही, मे महिन्यात डोक्यावर पंखा घरघरतो. डिसेंबरात रात्री पारा विशीच्या आसपास आला की माणसं पंखा बंद करून झोपतात. मग खाटेवरच्या बाईला अख्खी वस्ती ऐकू येते : कोणाच्या फाटकाची कडी वाजली, कोणाचा पंप अवेळी सुरू झाला. तिचे पाय तुम्ही काढून घेतलेत, तर कान आणि नाक भरपूर वापरा. सोमवारी न चुकता शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाऱ्या घरातून बांगडा भाजल्याचा वास आला, तर तिथे कोणीतरी उपरा मुक्कामाला आहे हे कळायला कुबड्या लागत नाहीत.

बातमीदारांची तर आपल्याकडे रांग आहे. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ भोंपू वाजवत दारात येतो. एकट्या म्हाताऱ्याच्या घरी एकाएकी सहा उंडे जायला लागले, हे पोलिसांच्या आधी त्याला ठाऊक. नारळ पाडणारा पाडेली रोज येत नाही, म्हणून त्याला एकच प्रकरण द्या, पण माडावर चढल्यावर त्याला चार घरांची परसं दिसतात. ती जागा फुकट घालवू नका.

एक पाळाच : नातीच्या हाती मोबाइल देऊन तिला फोटो काढायला धाडू नका. सगळं दिसू लागलं तर बाईला खाटेवर निजवलंत कशाला? तिला जे कळेल ते दुसऱ्याच्या तोंडून, आणि प्रत्येक तोंडाची खोड निराळी. मासळीवाली वाढवून सांगते, पोदेर घाईत अर्धंच सांगतो, भटजी स्वतःला अडचणीचं तेवढं गाळतात. कोण कसं सांगतो हे बाई चाळीस वर्षं ऐकत आलीय. तपास तिथेच आहे.

आणि जत्रा विसरू नका! देवळाच्या उत्सवात रात्री मराठी नाटक, सगळा गाव मांडवात, घरं रिकामी. प्रत्येक संशयिताचं उत्तर एकच : मी नाटकाला होतो. बाई अंथरुणावरून कर्णा ऐकतेय. दुसऱ्या अंकात वीज गेली, प्रयोग अर्धा तास थांबला. दुसऱ्या दिवशी पुतण्या येऊन नाटकाचं रसभरीत वर्णन करतो, त्यात अंधाराचा शब्द नाही. वाचकालाही ते ऐकू द्या, फक्त त्याच वेळी पुतण्याच्या हातात चहाचा कप ठेवा म्हणजे लक्ष उडेल. रात्री दहानंतर कर्ण्याला बंदी आहे, असं पत्र मला कोणीतरी लिहीलच. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. तेव्हा खून बाराच्या आत उरका.

प्रश्न : असा घरकोंबडा शोधक आधी कोणी रंगवलाय का? नमुना म्हणून एकच पुस्तक सांगा.
– वाचक, म्हापसा

उत्तर : जोसेफिन टे यांची १९५१ची ‘द डॉटर ऑफ टाइम’. पाय मोडलेला इन्स्पेक्टर ग्रँट इस्पितळात पडल्यापडल्या इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजावरचा पुतण्यांच्या खुनाचा आरोप तपासतो. साडेचारशे वर्षांपूर्वीचं प्रकरण, साक्षीदार एकही जिवंत नाही. धावपळीला एक तरुण अमेरिकन संशोधक, तो कागद धुंडाळून आणतो. इतिहासकारांना त्यातला निकाल सरसकट पटलेला नाही, मलाही नाही. पण खाटेवरचा माणूस कंटाळतो कसा, नर्सवर डाफरतो कसा, ते वाचण्यासाठी घ्या.

प्रश्न : माझ्या कथेत बाप रागावून मृत्युपत्रातून मुलाचं नाव पूर्ण कापतो, म्हणून मुलगा त्याला संपवतो. कारण पुरेसं आहे?
– नवा लेखक, साखळी

उत्तर : पुण्यात चालेल, साखळीत वकील हसतील. गोव्यात मुलं असलेल्या माणसाला स्वतःच्या वाट्यातल्या निम्म्याचीच मृत्युपत्राने मर्जीप्रमाणे वाटणी करता येते. उरलेला निम्मा मुलांसाठी राखीव, आणि त्यातून बेदखल करायला कायद्याने मोजकीच कारणं ठेवलीत. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला हा नियम २०१२च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही आहे. शिवाय लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, म्हणजे निम्मं घर आईचंच. वर, बापाचा खून करणारा वारसा हक्कालाही मुकतो. तुमच्या पोराने एवढं करून मिळवलं काय?

त्यापेक्षा सहीमागे लागा. घर विकायचं तर जोडीदाराचीही संमती लागते. पाच भाऊ, पाच भावजया, त्यातली एक लिस्बनला, आणि खरेदीखतावर तिची सही अशा तारखेची, ज्या दिवशी ती गोव्यात नव्हतीच. हे फक्त सासऱ्यांना ठाऊक होतं. आता त्यांना मारायला कोणाकडे कारण आहे ते मोजा.