माझ्या कॉमिकमधलं पात्र एकाने एआयने काढून छापलं, केस होते का?
हो, होते, पण नुसती तुमची स्टाइल उचलली म्हणून नाही, पात्र ओळखू येईल इतकं जसंच्या तसं आलं असेल तरच. मी लातूरला दिवाळी अंकांची चित्रं काढतो, त्यामुळं हे वाचावंच लागलं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कल्पनेला, शैलीला संरक्षण नाही, काढलेल्या चित्राला आहे अन् ते आपोआप मिळतं, रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. तुम्ही लिहिलंय की तुमच्या म्हातारीच्या लुगड्याला डाव्या खांद्यावर जे ठिगळ आहे ते त्यांच्याकडं पण बरोब्बर तिथंच आलंय, हा लै मोठा पुरावा आहे, असं वाचून जीव जळतो खरंच. "एआयनं केलं" म्हणून छापणारा सुटत नाही. पेन्सिलची कच्ची स्केचेस, मूळ फायली, पहिल्या पोस्टची तारीख सांभाळा, आधी वकिलाकडून नोटीस पाठवा. फक्त तुमची स्वतःची चित्रंच एआयची असतील तर बाजू लंगडी पडू शकते. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसनं २०२३ मध्ये एका कॉमिकचा मजकूर अन् मांडणी मान्य केली, एआयनं बनवलेली चित्रं नाही, अर्थात तो निर्णय आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही.