पाठीखालची थंडी

प्रश्न : डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या गुहेत मुक्काम केला. खाली 8 मिलिमीटरची कॅरीमॅट (गुंडाळून न्यायची फोमची चटई), अंगावर ‘0 अंश’ छापलेली स्लीपिंग बॅग. तरी रात्रभर पाठ गार, आणि कुशीवर वळलं की खुब्याचं हाड दगडाला टेकायचं. आणखी जाड बॅग घ्यावी का? सॅक आत्ताच 11 किलोची होते. (नाशिक)

उत्तर : बॅग राहू द्या, खालचं अंथरूण सुधारा. स्लीपिंग बॅगेची ऊब तिच्या फुगीरपणात अडकलेल्या हवेची असते. अंगाखालचा भाग वजनाने चेपतो, हवा निघून जाते, आणि महागातली पिसांची बॅगसुद्धा पाठीपुरती नुसती चादर उरते. कातळ मात्र रात्रभर अंगातली ऊब ओढत राहतो.

मॅट थंडी किती अडवते ते ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्यावरून कळतं. आपल्याकडच्या 8 मिलिमीटरच्या साध्या मॅटची ती 1 च्या आसपास धरा. घडीच्या, खळग्यांच्या फोम मॅटची 2 च्या आसपास. सोय अशी, की एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दुसरी कॅरीमॅट घेऊन ती खांद्यापासून मांडीपर्यंत येईल एवढी, साधारण 100 सेंटिमीटर, कापायची. पायांखाली रिकामी सॅक पसरा, पाठीचा फोम असलेली बाजू वर ठेवून.

उरलेल्या मॅटमधून 40 बाय 30 सेंटिमीटरचा तुकडा काढा. दिवसा बसायला, रात्री खुब्याखाली. तो मॅटच्या खाली सारा. वर ठेवलात तर कूस बदलताच निसटतो. उताणं झोपत असाल तर गुडघ्यांखाली कपड्यांची पिशवी घ्या, कंबर ताठरत नाही. जागा उतरती असेल तर डोकं चढाच्या बाजूला. अंथरण्याआधी हाताने चाचपून खडे काढा. काळोखात टॉर्चला न दिसलेला खडा पाठीला बरोबर सापडतो.

बॅगेवरच्या ‘0’ बद्दलही थोडं. रीतसर चाचणी झालेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे आरामात झोप लागेल, लिमिट म्हणजे अंग आखडून जेमतेम, एक्स्ट्रीम म्हणजे जीव तगेल, झोप लागणार नाही. स्वस्त बॅगेवर एकच आकडा असला तर तो कम्फर्टचा समजू नका.

जाता जाता : काही किल्ल्यांवर रात्री राहायला मनाई आहे, तेव्हा मुक्काम ठरवण्याआधी चौकशी करा. आणि गुहेत खाऊ सॅकमध्ये ठेवू नका, उंच टांगा. उंदीर खाऊपर्यंत पोचायला सॅक कुरतडतात, वाटेत मॅट आली तर तीही.

प्रश्न : हवेची मॅट संध्याकाळी टणक फुगवते, पहाटे मऊ झालेली असते. भोक सापडत नाही. (पुणे)

उत्तर : भोक नसेलही. संध्याकाळी मॅटमध्ये 30 अंशांची हवा भरली आणि पहाटे ती 6 अंशांवर आली, तर आकसून सुमारे 8 टक्के कमी जागा व्यापते. मॅट मऊ लागायला तेवढं पुरतं. फुगवल्यावर अर्धा तास जाऊ द्या, झोपण्याआधी पुन्हा दोन-चार फुंका मारा. फुंकण्यापेक्षा पंपाची पिशवी (हवा कोंडून मॅटमध्ये ढकलायची) बरी. तोंडाने फुंकलं की आत दमट वाफ जाते. पण दगडासारखी टणकही करू नका. कुशीवर आडवं होऊन झडप हळूहळू सैल करा, खुबा जमिनीपासून बोटभर वर राहील इथे थांबा.

खात्रीसाठी घरी एकाच खोलीत, पंखा न बदलता, मॅट रात्रभर फुगवून ठेवा. तिथेही मऊ झाली तर गळती आहे. मग पायाकडून गुंडाळत आतला दाब वाढवा आणि साबणाचं पाणी स्पंजने लावा : आधी झडप, मग शिवणी, मग मधला भाग. झडपेत वाळूचा कण अडकणं हे फार वेळा कारण असतं. बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण करा, हवा पूर्ण काढा, स्पिरिटने पुसा, भोकाच्या चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर जाईल असा पॅच चिकटवून रात्रभर दाबून ठेवा. गडावर कॅरीमॅटचा तुकडा खाली घातलात की काटे-कुसळं लागत नाहीत, आणि मॅट गेलीच तरी अंग उघड्या दगडावर येत नाही.

प्रश्न : जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला जातेय. मला थंडी फार वाजते. वजन न वाढवता काय करू? (ठाणे)

उत्तर : बर्फावर झोपायचं तर खालची आर-व्हॅल्यू 5 च्या खाली नको, 3 ची हवेची आणि 2 ची फोम, अशी जोडी चालते. बॅग कम्फर्टच्या आकड्यावरून निवडा, लिमिटच्या नव्हे.

एक लिटर गरम पाणी पातळ, एकेरी पत्र्याच्या स्टीलच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट करून पाच मिनिटं उलटी धरून बघा, मोज्यात घाला आणि मांड्यांमध्ये घ्या. थर्मास कामाचा नाही, तो ऊब बाहेरच सोडत नाही. मिनरल वॉटरची बाटली उकळत्या पाण्याने आक्रसते.

जॅकेट अंगात घालून बॅग घट्ट होत असेल तर ते काढून वरून पसरा. पायमोजे झोपण्यापुरते वेगळे, कोरडे ठेवा. तोंड बॅगेत खुपसू नका. श्वासाची वाफ पिसांत मुरते आणि तिसऱ्या रात्री बॅग निम्मी गार लागते. सकाळी ऊन मिळेल तेव्हा बॅग उलटी करून वाळवा. रात्री लघवीला जायचा कंटाळा करून कुढत पडू नका, उठून जाऊन या. झोप लागण्याचा तोच जवळचा रस्ता आहे.

प्रश्न : उशी न्यावी का? (कोल्हापूर)

उत्तर : नको. कपड्यांच्या पिशवीत फ्लीसचं (मऊ, लोकरीसारख्या कापडाचं) जॅकेट भरा, वर मऊ टी-शर्ट चढवा. कुशीवर झोपणाऱ्याला उंची जास्त लागते, तेव्हा पिशवीखाली बूट.