शब्द आहेत, प्रत्यय गळालेत

प्रश्न : वडिलांना लकवा मारला, उजवा हात गेला आणि तेव्हापासून बोलणं तुटक झालंय. 'वावर... कापूस... गाडी' असं सुटं सुटं बोलतात, 'वावरात', 'गाडीला' येतच नाही, कधी तर 'आई आला' म्हणतात. गावात लोक म्हणतात डोकं गेलं. आणि घरात आम्ही अहिराणी बोलतो, थेरपी मात्र मराठीतून, हे चालेल का? (एक वाचक, ता. अमळनेर)

उत्तर : डोकं गेलं असं कोणी म्हणत असेल तर कृपा करून मनावर घेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा अफेझिया, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे भाषेत आलेला बिघाड वाटतो, नक्की काय ते न्यूरॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टच सांगतील. उजवा हात मेंदूचा डावा भाग चालवतो आणि बहुतेकांची भाषाही तिकडेच असते, म्हणून दोन्ही एकदमच गेलं. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये फक्त 'टॅन' एवढंच बोलू शकणारा पेशंट तपासला, तो वारल्यावर डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात इजा सापडली. तिथे इजा झाली की बऱ्याचदा शब्द राहतात पण प्रत्यय गळतात.

'आई आला'चं मला फार महत्त्वाचं वाटतं. आई बाई आहे हे त्यांना पक्कं माहितीये हो! इंग्रजी बोलणारा पेशंट 'वॉक्ड'चं शेपूट गाळून नुसतं 'वॉक' म्हणून सुटतो, पण मराठीत 'आल-' एवढंच म्हणून थांबताच येत नाही, पुढे आ, ई, ए काहीतरी लावावंच लागतं (आला, आली, आले), मग चुकीचं लागतं. इटालियन आणि हिब्रू बोलणाऱ्या पेशंटमध्येही असंच दिसलंय. म्हणजे इथे प्रत्यय लागतोय, फक्त निवड चुकतेय. नेहमीचे शब्द मेंदू अख्खे साठवतो की दरवेळी जोडतो यावर अभ्यासकांचा वाद अजून चालूच आहे, आणि अशा पेशंटच्या चुका त्यात मोठा पुरावा मानतात.

एक सांभाळा. 'रामाला श्यामने मारलं' यात कोणी कोणाला ते नुसत्या 'ला' आणि 'ने' यांवरच ठरतं, तिथे त्यांची समजण्यातही गल्लत होऊ शकते. छोटी, सरळ वाक्यं बोला आणि उत्तराला वेळ द्या, लगेच त्यांचं वाक्य पुरं करू नका.

अहिराणीचं म्हणाल तर थेरपिस्टला स्पष्ट सांगा की आमची घरची बोली ती आहे. जन्मभर 'वावरमा', 'गाडीले', 'माले' बोललेल्या माणसाचा सराव त्याच रूपांवर व्हायला हवा, मराठी सोबत चालू द्या. थेरपिस्टला अहिराणी येत नसेल तर घरातल्या कोणीतरी सेशनला बसावं आणि रोजची वाक्यं लिहून न्यावीत.